काळा गळा आणि गुणवत्तेची स्पर्धा : ग्लॅडिस नाइटच्या निमित्ताने

अमेरिकन काळ्यांच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच तिकडून घेतले. पुढे जनार्दन वाघमारे यांच्या ग्रंथाने काळ्यांचे साहित्य आणि संस्कृती मराठी वाचकाच्या हाती दिली. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, लँग्स्टन ह्यूज ही नावे आपल्या चर्चासत्रांतून इतकी फिरली की ती आपल्याच गावची वाटावीत. या सगळ्या चर्चेत एक उणीव मात्र राहून गेली. काळ्यांचे गाणे आपण ऐकले नाही. ज्यांनी ऐकले त्यांनी करमणूक म्हणून ऐकले; इतिहासाचे साधन म्हणून ऐकले नाही.

डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी ही चूक केली नव्हती. बाबासाहेबांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले ते हे डू बॉइस. त्यांचा १९०३ सालचा प्रसिद्ध ग्रंथ अॅटलांटातल्या अध्यापनाच्या काळात सिद्ध झाला. त्याच्या प्रकरणांच्या माथ्यावर त्यांनी गुलामांच्या गाण्यांची स्वरलिपी छापली आहे, आणि शेवटचे प्रकरण तर सबंध त्या दुःखगीतांवरच लिहिले आहे. समाजशास्त्राचा पंडित आपल्या लोकांचा पुरावा म्हणून त्यांचे गाणे पुढे करतो, याचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे.

मी संगीताचा जाणकार नाही. इतिहास शिकवणारा माणूस आहे. पण महाविद्यालयात राखीव जागांचा विषय निघाला की मागच्या बाकावरून एक शब्द हमखास येतो : ‘मेरिट’. खुली स्पर्धा ठेवा, ज्याच्यात गुण असेल तो पुढे जाईल, असे म्हणणारे विद्यार्थी हल्ली दाखल्यादाखल दूरदर्शनवरच्या गाण्याच्या स्पर्धा पुढे करतात. तिथे कुठे जात विचारतात, असा त्यांचा सवाल असतो. सवाल बरा आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर अशा स्पर्धेचा इतिहास जिथून सुरू होतो तिथे जायला हवे, आणि तिथे गेले की अॅटलांटाची एक सात-आठ वर्षांची काळी मुलगी उभी दिसते.

ग्लॅडिस नाइटचा जन्म २८ मे १९४४ रोजी जॉर्जिया राज्यातल्या अॅटलांटा शहरात झाला. १९५२ साली न्यूयॉर्कच्या ‘ओरिजिनल अमॅच्युअर अवर’ या टेड मॅकच्या दूरचित्रवाणी स्पर्धेत तिने पहिले बक्षीस मिळवले. बक्षिसाची रक्कम दोन हजार डॉलर्स. तिने गायले होते नॅट किंग कोलचे ‘टू यंग’, म्हणजे प्रेम करण्याइतके आपले वय झालेले नाही असे लोक म्हणतात त्याविषयीचे प्रौढांचे गाणे. पुढे ती सोल संगीताची एक अग्रगण्य गायिका झाली. चरित्रकोशात एवढी माहिती मिळते, आणि ती वाचून कोणालाही वाटावे की दैवी देणगी असलेली मुलगी मंचावर आली, तिने गायले, आणि देशाने तिला शोधून काढले.

‘शोधून काढले’ या शब्दाची मला चीड आहे. कोलंबसानेही अमेरिका शोधून काढली होती.

तिच्या आई-वडिलांकडे आधी पाहू. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. दक्षिणेतल्या काळ्यांच्या दृष्टीने टपाल खात्याची नोकरी ही लहानसहान गोष्ट नव्हती. ती केंद्र सरकारची नोकरी. स्थानिक गोऱ्या मालकाच्या लहरीवर ती अवलंबून नसे. ज्या घरात महिन्याचा पगार ठरलेला असतो त्या घरात मुलीला गाण्याच्या तालमीला पाठवण्याची उसंत असते, हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडे रेल्वे, गिरण्या आणि लष्कर यांतल्या नोकऱ्यांनी जे केले तेच हे. आणि हे दोघे, आई आणि वडील, ‘विंग्ज ओव्हर जॉर्डन’ या गायकवृंदात गायलेले होते.

या गायकवृंदाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण सगळ्या गोष्टीचे मूळ माझ्या मते इथे आहे. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात ग्लेन सेटल नावाच्या काळ्या धर्मोपदेशकाने १९३०च्या दशकाच्या मध्यास आपल्या चर्चमध्ये हा गायकवृंद बांधला. १९३८पासून कोलंबिया ब्रॉडकास्टिंगच्या जाळ्यावरून दर रविवारी सकाळी तो साऱ्या देशात ऐकू येऊ लागला. गुलामांची जुनी भक्तिगीते तो गात असे. त्या काळी अमेरिकन रेडिओवर काळ्या माणसाचे स्थान काय होते? सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम होता ‘एमॉस अँड अँडी’, आणि त्यात दोन गोरे नट काळ्यांच्या बोलीची नक्कल करून देशाला हसवत होते. १९२८पासून हे चालू होते. म्हणजे काळ्याचा आवाज काढायलासुद्धा गोराच लागत होता. अशा वेळी रविवारी सकाळी खरा काळा आवाज, तोही विनोदाशिवाय, ताठ मानेने घराघरांत जातो, ही घटना किती मोठी असेल याची कल्पना करावी.

या परंपरेला मागे आणखी एक पायरी आहे. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ साली नॅशव्हिलमध्ये मुक्त गुलामांसाठी फिस्क ही शिक्षणसंस्था निघाली. पाच वर्षांत ती दिवाळखोरीच्या कडेला आली. तेव्हा १८७१ साली तिथले नऊ विद्यार्थी गाण्याचे कार्यक्रम करीत गावोगाव फिरायला निघाले. ज्या गाण्यांची त्यांच्या आई-बापांना लाज वाटत असे, जी गुलामीची आठवण म्हणून घरात दडवलेली होती, ती त्यांनी भर सभेत गायली, युरोपपर्यंत गायली, आणि मिळालेल्या पैशातून विद्यालयाची जुबिली हॉल ही इमारत उभी राहिली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यत्वातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ते पुस्तक पुण्यात छापले जात होते त्याच सुमारास ते मुक्त गुलाम आणि त्यांची मुले आपल्या गळ्याने आपले विद्यालय बांधीत होती, हे जुळून आलेले साल मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो.

तर, फिस्कपासून विंग्ज ओव्हर जॉर्डनपर्यंत आलेली ही विद्या ग्लॅडिसला घरातच मिळाली. माउंट मोरायाह बॅप्टिस्ट चर्चमध्ये तिने पहिले एकल गीत गायले तेव्हा ती चार वर्षांची होती. काळ्यांचे चर्च हे नुसते देवाचे घर नव्हे. दक्षिणेत काळ्यांच्या मालकीची म्हणावी अशी बहुधा ती एकच मोठी वास्तू असे. शाळा तिथे, सभा तिथे, विमा तिथे, राजकारण तिथे. गाण्याची शाळाही तिथेच, आणि तिला फी नव्हती. धर्माबद्दल आपली मते काहीही असोत, ही वस्तुस्थिती आहे. तिथे एक जण गातो आणि शंभर जण उत्तर देतात. गायकाचा सूर खोटा लागला तर बाकावरच्या म्हाताऱ्या बायका गप्प बसतात आणि खरा लागला तर उठून उभ्या राहतात. यापेक्षा कठोर परीक्षक कोणत्या स्पर्धेत असतील?

अॅटलांटा शहरही डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १५ डिसेंबर १९३९ रोजी ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाचा पहिला खेळ तिथे झाला. त्यात काम करणारी काळी नटी हॅटी मॅकडॅनियल हिला त्या सोहळ्याला येता आले नाही. त्याच्या आदल्या रात्री गोऱ्या प्रतिष्ठितांचा जो नृत्यसमारंभ झाला त्यात एबेनेझर चर्चच्या काळ्या गायकवृंदाने गुलामांचा वेष घालून गाणी म्हटली. त्या वृंदात एक दहा वर्षांचा मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग. त्याच शहरात दहा वर्षांनी, १९४९ साली, ‘डब्ल्यूईआरडी’ हे काळ्यांच्या मालकीचे देशातले पहिले रेडिओ केंद्र निघाले. एकीकडे गुलामाचा वेष चढवून गायला लावणारे शहर आणि दुसरीकडे स्वतःचे ध्वनिक्षेपक विकत घेणारे शहर, अशी दोन अॅटलांटा एकाच नकाशात होती. ग्लॅडिस दुसऱ्या अॅटलांटाची मुलगी.

आता त्या स्पर्धेकडे येऊ. ‘अमॅच्युअर अवर’ १९३४ साली मेजर बोज याने न्यूयॉर्कच्या रेडिओवर सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती देशभर ऐकू येऊ लागली. ते महामंदीचे दिवस होते. बेकार माणसे, कोणी बासरी घेऊन, कोणी चमचे वाजवत, न्यूयॉर्कला धाव घेत होती. १९३५ साली फ्रँक सिनात्रा तीन साथीदारांसह तिथेच पहिल्यांदा देशाला ऐकू आला. बोज १९४६ साली वारला आणि १९४८पासून टेड मॅकने हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आणला. एका सिगारेट कंपनीने तो पुरस्कृत केला होता. प्रेक्षकांनी टेलिफोनने आणि पत्राने मते द्यायची. जिंकेल त्याने पुन्हा यायचे. तीनदा जिंकेल त्याने अंतिम फेरीत जायचे. आजच्या स्पर्धांचा सगळा आराखडा इथे तयार आहे.

१९५२ साली जॉर्जियाच्या एका काळ्या मुलीला टपालाने देशभरातून मते मिळाली. त्याच वर्षी दक्षिणेतल्या कित्येक जिल्ह्यांत काळ्या प्रौढांना मतदारयादीत नाव घालणे जिवावरचे काम होते. मताधिकाराचा परिणामकारक कायदा व्हायला १९६५ साल उजाडायचे होते. काळ्या मुलीला मत देता येत होते, काळ्या माणसाला मत देऊ देता येत नव्हते. मंचावर तिला कोणी रंग विचारला नाही हे खरे. पण बक्षीस घेऊन ती परत गेली ती काळ्यांच्या वेगळ्या शाळेत. शाळांतला हा भेद घटनाबाह्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले १९५४ साली, आणि अॅटलांटाच्या गोऱ्या शाळांत पहिली नऊ काळी मुले बसली ती १९६१ साली.

ज्याचे गाणे म्हणून ती जिंकली त्या नॅट किंग कोलचे काय झाले तेही पाहावे. एप्रिल १९५६मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात भर मंचावर गोऱ्यांनी त्याच्यावर हल्ला केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याचा स्वतःचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. प्रेक्षक होते, पाहुणे कलावंत होते. देशव्यापी पुरस्कर्ता मात्र मिळेना. काळ्या माणसाच्या नावाशी आपला माल जोडायची मोठ्या कंपन्यांची तयारी नव्हती. १९५७च्या डिसेंबरात कार्यक्रम बंद पडला. स्पर्धक म्हणून काळा चालतो, कारण तो एका संध्याकाळचा पाहुणा असतो. यजमान म्हणून चालत नाही. मला वाटते, माझ्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने इथे जरा थांबावे.

बक्षिसानंतर ग्लॅडिसला कोणी ध्वनिमुद्रिकेचा करार दिला नाही. पुढची घडण पुन्हा घरानेच केली. भाऊ मेराल्ड याच्या दहाव्या वाढदिवसाला मुले जमली होती. रेकॉर्ड वाजेना म्हणून भावंडे स्वतःच गायली, अशी कथा सांगतात. भाऊ, बहीण ब्रेंडा, विल्यम आणि एलेनॉर गेस्ट ही चुलत-मावस भावंडे, आणि ग्लॅडिस. दुसऱ्या एका भावाच्या टोपणनावावरून गटाचे नाव पडले ‘पिप्स’. १९६१ साली ‘एव्हरी बीट ऑफ माय हार्ट’ या त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका काळ्यांच्या यादीत पहिल्या आणि सर्वसाधारण यादीत सहाव्या क्रमांकावर गेली. मूळ मुद्रण अॅटलांटातल्या एका लहानशा कंपनीने केले होते, आणि तिने ते शिकागोच्या मोठ्या कंपनीकडे सोपवून दिले. गाणाऱ्यांना तेच गाणे तिसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गावे लागले, आणि एकाच गाण्याच्या दोन ध्वनिमुद्रिका बाजारात एकमेकींशी झगडू लागल्या. आवाज त्यांचा, फीत दुसऱ्याची. ज्यांच्या बापजाद्यांनी कूळकायद्याच्या आधीची शेती केली आहे त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

इथे नावांचा इतिहास सांगणे भाग आहे. ‘बिलबोर्ड’ हे तिकडच्या संगीत व्यापाराचे साप्ताहिक. काळ्यांत खपणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची वेगळी यादी ते १९४२पासून छापू लागले. आधी तिला हार्लेमचे नाव होते. १९४५ साली तिला ‘रेस’, म्हणजे वंश, हे नाव दिले. १९४९ साली ‘रिदम अँड ब्लूज’. १९६९ साली ‘सोल’. १९८२ साली सरळ ‘ब्लॅक’. गाणारे तेच, ऐकणारे बरेचसे तेच, वेगळी यादीही तशीच. पाटी तेवढी बदलत गेली. आपल्यालाही किती पाट्या लावल्या गेल्या त्याची मोजदाद वाचकांनी स्वतः करावी. त्यातल्या त्यात ‘सोल’ हा शब्द काळ्यांच्या बोलीतून वर आलेला. सोल म्हणजे आत्मा. आत्मा न मानणाऱ्या आमच्यापैकी काहींना त्याची अडचण वाटते. माझी हरकत नाही. हे गाणे ऐकताना तो शब्द तत्त्वज्ञानाचा वाटत नाही, पोटाचा वाटतो. चर्चचा सूर तोच, फक्त देवाच्या जागी माणूस आला : प्रियकर आला, घर आले, भूक आली. रे चार्ल्सने हे उघडपणे केले तेव्हा धर्मनिष्ठ काळ्यांनी त्याला पाखंडी म्हटले. त्याचे ‘आय गॉट अ वूमन’ १९५४ साली मुद्रित झाले तेही अॅटलांटातच.

१९६६ साली पिप्स डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत गेले. मालक काळा, गायक काळे, वादक बहुतेक काळे. तरी तिथेही उतरंड होतीच आणि हा गट वरच्या पायरीवर नव्हता. ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ १९६७ साली त्यांनी सर्वसाधारण यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेले. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने तेच गाणे मार्व्हिन गेच्या आवाजात काढले, ते पहिले आले, आणि आज लोकांना तेच आठवते. काळा मालक असला म्हणजे शोषण संपले असे मानणाऱ्यांनी मोटाउनचा इतिहास जरूर वाचावा. १९७३ साली गट मोटाउन सोडून बुद्धा नावाच्या कंपनीत गेला (नाव योगायोगाचे आहे, उगीच अर्थ काढू नये) आणि त्याच वर्षी ‘मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया’ने देशात पहिला क्रमांक मिळवला.

हे गाणे लिहिले जिम वेदरली या मिसिसिपीच्या गोऱ्या माणसाने. मूळ गाण्यात विमान होते आणि शहर ह्यूस्टन होते. सिसी ह्यूस्टन या काळ्या गायिकेने ते आधी गायले तेव्हा विमानाची आगगाडी झाली आणि ह्यूस्टनचे जॉर्जिया. कारण तिच्या माणसांचे मूळ जॉर्जियाचे, आणि ती माणसे विमानाने जात नसत. एवढ्या दोन शब्दांनी गाण्याचा वर्ण बदलला. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळे दक्षिण सोडून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेले होते, त्यांतले असंख्य याच आगगाड्यांतून. शहरात स्वप्न मोडलेला माणूस त्याच गाडीने परत गावी निघाला आहे, आणि बाई त्याच्याबरोबर निघते आहे. गाव म्हणजे जिथून जीव घेऊन पळालो तेच ठिकाण. ग्लॅडिसने हे गाणे रडून म्हटलेले नाही, ठरवून म्हटले आहे. मागे भाऊबंद गाडीच्या शिट्टीसारखे उत्तर देत राहतात. माउंट मोरायाहचा तोच खेळ, एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी धरायचे. १९७४ साली गटाला दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. एक या गाण्याला, दुसरे सोडून आलेल्या मोटाउनसाठी गायलेल्या गाण्याला.

टेड मॅकची स्पर्धा १९७० साली बंद झाली. २००२ साली ‘अमेरिकन आयडॉल’ने तोच आराखडा पुन्हा उभा केला. तिच्या २००४च्या तिसऱ्या हंगामातल्या काळ्या मुलींपैकी दोघींकडे पाहावे. फँटेशिया बरिनो आणि जेनिफर हडसन, दोघींची निवडचाचणी अॅटलांटात झालेली, दोघी चर्चमध्ये गात वाढलेल्या. हडसनला प्रेक्षकांनी सातव्या क्रमांकावर घरी पाठवले. मतदानात वर्णद्वेष आहे असे इंग्रज गायक एल्टन जॉनने जाहीरपणे म्हटले. तीन वर्षांनी त्याच हडसनला अभिनयाचे ऑस्कर मिळाले. बरिनो जिंकली. तिने शाळा अर्ध्यावर सोडलेली, सतरा वर्षांची असताना मूल झालेले. जिंकल्यावर वर्षभराने, २००५ साली, तिने सांगितले की तिला धड वाचता येत नाही, आणि ज्या करारांवर तिने सह्या केल्या ते तिला वाचता आलेले नव्हते.

गुणवत्ता मोजायला सारा देश बसला होता. गळा अचूक मोजला गेला. तिला शाळेने काय दिले हे त्या मोजणीत कुठेच नव्हते, आणि करार मात्र त्याच्यावरच उभा होता. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच विचारतो की ग्लॅडिसच्या घरात टपाल खात्याचा पगार नसता, आईचा गायकवृंद नसता, तर त्या मंचावर कोण उभे राहिले असते?

ग्लॅडिसबद्दल एक गोष्ट न आवडणारी आहे, ती टाळणार नाही. २०१६ साली कॉलिन कॅपर्निक या खेळाडूने पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला आणि त्याची कारकीर्द संपवण्यात आली. त्याच फुटबॉल संघटनेचा अंतिम सामना ३ फेब्रुवारी २०१९ रोजी अॅटलांटात होता. काही काळ्या कलावंतांनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला. ७४ वर्षांच्या ग्लॅडिसने राष्ट्रगीत गायले. टीका झाली तेव्हा तिने सांगितले की या लढ्यात आपण टीकाकारांच्या पुष्कळ आधीपासून आहोत. तिचे म्हणणे खोटे नाही. तरी मी तिच्या जागी असतो तर गेलो नसतो. पण ज्या शहराने तिला वेगळ्या शाळेत बसवले त्या शहरात उभे राहून देशाचे गीत आपल्या गळ्यातून म्हणण्यात तिला काय वाटले असेल, हे इथे बसून ठरवायला मी धजत नाही.

ज्या क्रीडागारात ती उभी होती ते २०१७ साली उघडले. त्याच्यासाठी २०१४ साली काळ्यांची दोन चर्चे विकत घेऊन पाडण्यात आली. त्यांतले एक फ्रेंडशिप बॅप्टिस्ट. १८६२ साली स्थापन झालेले. आज स्पेलमन कॉलेज म्हणून नावाजलेल्या काळ्या स्त्रियांच्या विद्यालयाचा पहिला वर्ग १८८१ साली त्याच चर्चच्या तळघरात भरला होता.